विवेकविचारी विद्यार्थी मंडळांना उघड लोकप्रबोधनाची मुभा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई.

निवेदक : वाशिंद व परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे धर्मनिरपेक्ष मंडळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे.

विषय : महाविद्यालयाच्या आवारात, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांवर प्रबोधनकार्य करण्यास रीतसर मंजुरी व समान सवलती मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

वाशिंद, आसनगाव, खडवली आणि भातसेकाठच्या खेड्यांतून कसारा मार्गावरील लोकलने किंवा एस.टी.ने निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकावयास जाणारे आम्ही विद्यार्थी हे निवेदन आपल्या सेवेशी सविनय सादर करीत आहोत. आमच्या मंडळात नेमाने उपवास करणारे आहेत आणि देव न मानणारेही आहेत. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, मुस्लिम व बौद्ध घरांतील मुलेमुली आहेत. ज्या प्रश्नाचा निर्णय पुराव्याने होऊ शकतो त्याचा निर्णय पुराव्यानेच व्हावा, आणि कोणाही माणसाला त्याच्या जन्मावरून वा श्रद्धेवरून उणे लेखले जाऊ नये, एवढ्या दोन गोष्टींवर आमचे ऐक्य आहे. मंडळाचा कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही.

आमचे प्रबोधनकार्य शहरातील वादसभांपुरते असते तर आपणांस तसदी देण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या तालुक्यांत त्याचा संबंध प्रत्यक्ष प्राणांशी येतो. पावसाळ्यात भाताच्या लावणीला माणसे चिखलात उतरतात, रात्री कुडाच्या घरात जमिनीवर अंथरूण टाकून निजतात, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप याच मुलखात वावरतात. त्यांतही मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, त्याची वेदना फारशी जाणवत नाही, सूजही दिसत नाही, आणि काही तासांनी श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. अशा वेळी भगताच्या अंगणात उतारा होण्याची वाट पाहण्यात गेलेला काळ पुन्हा मिळत नाही. या चारही सापांवर चालणारे प्रतिविष परळच्या हाफकिन संस्थेने पूर्वीच सिद्ध केले आणि आज ते सरकारी रुग्णालयांत उपलब्ध असते. उणीव आहे ती पाड्यावरच्या माणसाचा विश्वास औषधाच्या बाजूने वळविणाऱ्या, त्याच्याच बोलीत बोलणाऱ्या, त्याच्याच गावच्या मुलांची. भगत हा पाड्याचा जिव्हाळ्याचा माणूस आहे हे आम्ही जाणतो, आणि त्याचा पाणउतारा करून नव्हे, तर रुग्णाला आधी दवाखान्यात धाडण्यास त्यालाच राजी करून हे काम साधेल, अशी आमची खात्री आहे.

या कार्यास कायद्याचा भक्कम आधार आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 51 क प्रमाणे वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणावृत्ती यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. आणि महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडादोरा करणे हे स्पष्ट शब्दांत अपराध म्हणून नमूद आहे. याच अधिनियमाने पूजाअर्चा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन व भजन यांना हात लावलेला नाही, आणि आमच्या कार्याची मर्यादाही आम्ही तीच मानतो. हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत राज्य शासनाने त्या कायद्याचा अध्यादेश काढला. इतकी किंमत देऊन मिळालेला कायदा पाड्यापर्यंत पोचविण्याची परवानगी विद्यार्थ्यांना दारोदार मागावी लागू नये.

विद्यार्थ्यांनी लोकशिक्षणाची धुरा वाहावी, ही या महानगरीची विद्यापीठाहूनही जुनी परंपरा आहे. विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले, त्यापूर्वी 1848 साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली, तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा उभारल्या, आणि 1849 साली मुंबईत मुलींच्या शाळा काढून स्वतः विनावेतन शिकविले. त्याच 1849 साली परमहंस सभाही निघाली. जातिभेद मोडण्याचा तिचा हेतू थोर होता, पण लोकभयास्तव ती गुप्तपणे चालली, आणि सभासदांची नावे बाहेर फुटताच मोडली. गुप्तपणे चाललेला सद्विचार लोकांच्या विश्वासाला पारखा होतो, आणि उघडपणे चाललेला विचार विरोध सोसूनही मूळ धरतो, हा बोध या दोन उदाहरणांतून आम्ही घेतला आहे. म्हणूनच आम्हांस कोपऱ्यात कुजबुजत नव्हे, तर फलकावर नाव लावून कार्य करावयाचे आहे.

अडचण नेमकी येथेच आहे. आमच्यापैकी अनेकांना आपापल्या महाविद्यालयांत अर्ज दिल्यावर तोंडी उत्तरे मिळतात: विषय नाजूक आहे, वरून विचारावे लागेल, पुढच्या सत्रात पाहू. लेखी नकार नसल्याने फेरविचाराची मागणीही करता येत नाही. दरम्यान हंगाम निघून जातो; कारण जून ते सप्टेंबर हाच सर्पदंशाचा मुख्य काळ, आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करीत असल्याने पाडेच ओस पडतात. लांबलेली मंजुरी आमच्या बाबतीत नकाराइतकीच घातक ठरते.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. संविधान व महाविद्यालयाची शिस्त पाळण्याची हमी देणाऱ्या कोणत्याही विचाराच्या विद्यार्थी मंडळाच्या नोंदणीचा एकच लेखी नियम सर्व संलग्न महाविद्यालयांस लागू करावा. अर्जाचा निकाल आठ दिवसांत लेखी द्यावा आणि नकार असल्यास कारणे नमूद करावीत.

2. सूचनाफलक, सभेसाठी खोली आणि प्रवेशाच्या दिवसांत आवारात माहितीचे मेज मांडण्याची मुभा, या सवलती इतर मंडळांइतक्याच आम्हांसही मिळाव्यात. अधिक नको, उणीही नको.

3. पाड्यांवर जाऊन केलेले प्रबोधन राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक 120 तासांत धरावे, आणि त्याची आखणी लावणीच्या हंगामास धरून करू द्यावी.

4. आजीवन अध्ययन व विस्तार विभागामार्फत सर्पदंश, विंचूदंश व श्वानदंश यांवरील प्रथमोपचाराची, वैद्यकीय तज्ज्ञांनी तपासलेली पत्रके मराठीत आणि ध्वनिफिती ठाकरी व कातकरी बोलींत तयार करवून द्याव्यात.

5. चमत्कारांमागील रसायन दाखविणारे प्रयोग, उदाहरणार्थ पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आपोआप पेटणारा अग्नी, अध्यापकांच्या देखरेखीखाली करण्यास प्रयोगशाळांनी साहित्य द्यावे.

6. ग्रामपंचायती, आश्रमशाळा आणि म्हसा येथील यात्रेसारख्या मोठ्या जत्रा यांच्या व्यवस्थापकांस दाखविता येईल असे विद्यापीठाचे परिचयपत्र द्यावे.

7. मंडळाच्या कार्यामुळे एखाद्या विद्यार्थ्यास, विशेषतः विद्यार्थिनीस, धमकी वा जाच झाल्यास त्याची तक्रार त्याच दिवशी दाखल करून घेण्याची जबाबदारी एका नेमलेल्या अध्यापकावर सोपवावी.

या सवलतींच्या मोबदल्यात आम्हीही स्वतःवर बंधने घालून घेत आहोत. कोणत्याही देवतेची, संताची वा धर्मग्रंथाची निंदा आमच्या व्यासपीठावरून होणार नाही. श्रोत्याची जात वा धर्म विचारला जाणार नाही. आम्ही वैद्य नसल्याने कोणासही औषध सांगणार नाही, केवळ जवळच्या आरोग्य केंद्राची वाट दाखवू. वर्गणीचा हिशेब दर सत्राअखेर फलकावर लावू. आणि आमच्याशी मतभेद असणाऱ्यास त्याच सभेत, तेवढाच वेळ बोलू देऊ.

महोदय, आम्ही विशेष कृपेची याचना करीत नाही. सर्वांस लागू होईल असा नियम आणि तो वेळेवर अमलात येईल अशी तजवीज, एवढेच मागतो. येत्या पावसाळ्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींस भेटीची वेळ द्यावी आणि वरील मागण्यांवरील निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
मंडळाचे सर्व सभासद,
वाशिंद, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे.

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सादर :
1. मा. तहसीलदार, शहापूर.
2. मा. तहसीलदार, मुरबाड.
3. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे.