विश्लेषण : इंजिन लाखांचे, खोळंबा बोटभर फिटिंगचा! ऑइल प्रेशर गेजचा जोड का सापडत नाही?

टर्बो बसवलेल्या किंवा ट्रॅकवर पळवल्या जाणाऱ्या गाडीला ऑइल प्रेशर गेज हवा, हे हौशी मंडळींना पटवून द्यावे लागत नाही. गेज घरपोच येतो, सेन्सरही येतो. काम अडते ते सेन्सर आणि इंजिन ब्लॉक यांना जोडणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या फिटिंगपाशी. ते मिळेना म्हणून ‘जवळपास बसते’ असे काहीतरी आवळले जाते. मग ज्या इंजिनाच्या रक्षणासाठी हा खटाटोप, त्याच्याच ते मुळावर येते.

मूळ दिव्यावर का भागत नाही?

डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा साध्या स्विचवर चालतो. दाब अगदी तळाला गेला तरच तो लागतो. लांब वळणावर तेल संपच्या एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि वेगात असलेल्या इंजिनाला पुरेसा दाब मिळत नाही. तेव्हाही दिवा विझलेलाच असू शकतो. बेअरिंग आणि टर्बोची झीज मात्र सुरू झालेली असते. ही घसरण आधी दाखवतो तो गेज.

घोळ नेमका कुठे आहे?

घोळ आट्यांत आहे. बहुतेक जपानी इंजिनांत प्रेशर स्विचची जागा ‘वन बाय एट बीएसपीटी’ मापाची असते. अमेरिकी गेजचे सेन्सर ‘वन बाय एट एनपीटी’चे, तर युरोपीय सेन्सर अनेकदा ‘एम 10 बाय 1’चे. तिन्ही साधारण 10 मिलिमीटर जाडीचे, त्यामुळे हातात घेतल्यावर सारखेच वाटतात. पण बीएसपीटीत इंचाला 28 आटे आणि त्यांचा कोन 55 अंश, तर एनपीटीत 27 आटे आणि कोन 60 अंश. एक ब्रिटिश परंपरेतला, दुसरा अमेरिकी. चुकीचा जोड दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो. इथेच पाना लावून जोर केला जातो. परिणामी तेल झिरपते, आटे मारले जातात किंवा ॲल्युमिनियमचे घर तडकते.

मग ते मिळवायचे कुठे?

गाडीचे नाव सांगून स्पेअर पार्टच्या दुकानात विचारले, की ‘कंपनीत मिळेल’ आणि कंपनीत विचारले, की ‘हा आमचा पार्ट नाही’ हेच उत्तर येते. दोघेही बरोबर असतात, कारण ही वस्तू मुळात गाडीची नाहीच. ती पाइप फिटिंग आहे. म्हणून ती हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक सामानाच्या दुकानात शोधावी. मुंबईत त्यासाठी नागदेवीचा बाजार आहे. पितळी सुट्या भागांसाठी जामनगर देशभर ओळखले जाते. तयार जोड नसेल, तर भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कसबी टर्नर लेथवर तो करून देऊ शकतो. मात्र मागणी ‘बाहेरून बीएसपीटी, आतून एनपीटी’ अशी नेमकी हवी. त्यासाठी आधी जुना स्विच काढून पिच गेज आणि व्हर्नियरने मोजावा.

बसवताना काय सांभाळावे?

पितळी अडॅप्टरवर जड सेन्सर थेट टांगू नये. इंजिनाच्या कंपनांनी तो मुळाशी तुटू शकतो आणि तेल गरम भागांवर उडून आगीचा धोका उद्भवतो. ब्रेडेड होज लावून सेन्सर बॉडीवर बसवणे सुरक्षित. एका वायरचा सेन्सर असेल, तर त्याला वेगळी अर्थिंग द्यावी, नाहीतर काटा खोटे सांगेल. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले एक-दोन आटे मोकळे ठेवावेत, म्हणजे तुकडे तेलात जाणार नाहीत. मूळ दिवाही चालू राहावा म्हणून टी-जोड घ्यावा.

दोष कोणाचा?

‘युनिव्हर्सल’ असे छापून गेज विकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. आट्यांचे माप खोक्यावर छापायला जागा लागते एका ओळीची. ती टाळली, की भुर्दंड ग्राहकाला बसतो. पण घाई करणारे ग्राहक आणि ‘बसवून टाकू’ म्हणणारे गॅरेजही सुटत नाहीत. योग्य जोड मिळेपर्यंत गाडी आठवडाभर उभी राहिली तर बिघडत काहीच नाही. चुकीच्या जोडावर ती धावली, तर मात्र अख्खे इंजिन उघडायची वेळ येते.