नेम चुकू नये

कॅथलिक धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनेला लॅटिनमध्ये ‘ऑफिचियुम दिव्हिनुम’ म्हणतात. ‘ऑफिचियुम’ म्हणजे कर्तव्य. मन लागो न लागो, वेळ झाली की पार पाडायचं. सकाळी ‘लाउदेस’, सांजवेळी ‘व्हेस्पेरे’, निजताना ‘कोम्प्लेतोरियुम’. बायबलमधली 150 स्तोत्रं पूर्वी आठवड्यात म्हणून व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांतली बहुतेक चार आठवड्यांवर वाटली गेली आणि ती मातृभाषेत म्हणायची वाटही मोकळी झाली. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या नृसिंहवाडीत पहाटेची काकड आरती, दुपारची महापूजा आणि रात्रीची शेजारती असा दिवस बांधलेला आहे. कृष्णा-पंचगंगेला पूर येतो, पाणी दत्तपादुकांवरून वाहतं, तेव्हा उत्सवमूर्ती वर हलवतात. पण नित्यक्रम सोडत नाहीत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, तरी जाण एकच: भक्तीला भरती-ओहोटी असते, म्हणून तिला नेमाचा आधार लागतो. शिवाय ही प्रार्थना एकट्यापुरती नसते. धर्मगुरू ती सगळ्या लोकांच्या वतीने म्हणतो, पुजारीही साऱ्यांच्या वतीनेच आरती ओवाळतो. कामाच्या रगाड्यात ज्यांना हात जोडायला सवड मिळत नाही, त्यांचा वाटाही कुणीतरी रोज न चुकता उचलतं. या माणसांचं आपल्यावर मोठं ऋण आहे.