एका साक्षीवर निकाल नको

सदाशिव पेठेतील टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ पासून तिने कितीतरी पुणेकरांना मृग नक्षत्र ओळखायला शिकविले. ह्याच मृगाच्या खांद्याजवळ, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक दूरची दीर्घिका आहे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरील बर्फात पुरलेल्या 'आइसक्यूब' ह्या उपकरणाने तिच्या दिशेने आलेला एक न्यूट्रिनो टिपला. मिनिटाच्या आत जगभर इशारा गेला. 'फर्मी' उपग्रहाला व कॅनरी बेटांवरील 'मॅजिक' दुर्बिणींना ती दीर्घिका गॅमा किरणांत तळपताना आढळली.

दोन साक्षी कशाला? विश्वकिरणांतील प्रोटॉन विद्युत्भारित असल्याने चुंबकीय क्षेत्रांत वळतात व आपला पत्ता हरवून बसतात. गॅमा किरण सरळ येतात. पण ते इलेक्ट्रॉनांपासूनही निघतात. एवढ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो मात्र प्रोटॉनांच्या टकरींतूनच निघावेत. त्यांची दिशा ढोबळच कळते; नेमके ठिकाण गॅमा किरण दाखवितात. तरीही हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे हजारात एक उरलीच. शिक्षकांनी शोधाबरोबर हा आकडाही वर्गात सांगावा, असे मला वाटते. शंका मोजता येणे हेच विज्ञान.

आता आपल्याकडे पाहू. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम विद्यापीठांच्या साथीने वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. आज लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची 'मेस' ही गॅमा दुर्बीण उभी आहे. अशा दुर्बिणींना काळोख लागतो. हानलेला अंधार पडतो तेव्हा कॅनरी बेटांवर दुपार असते आणि अॅरिझोनात सकाळ. त्या वेळी आलेल्या इशाऱ्याची शहानिशा हानलेहून झाली नाही, तर साक्षच निसटेल!

म्हणून इशारा येताच 'मेस' तिकडे वळविण्यास अग्रक्रम मिळावा. आणि काही दिसले नाही, तर तेही प्रसिद्ध व्हावे. कारण न दिसणेही बोलके असते. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ ह्या दीर्घिकेतून न्यूट्रिनो येत असल्याचा पुरावा मिळाला, पण त्या मानाने गॅमा किरण फारच थोडे. ते कृष्णविवराभोवतीच्या दाटीत अडकत असावेत.

थंडीत गच्चीवर जाल तेव्हा मृगाचा खांदा शोधा. त्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. पुढची साक्ष नोंदविणारे तुमच्यापैकीच कोणी का नसावे?