‘भरायचे फक्त दोन हजार’: जीएसटी रिपोर्ट आणि लेजर सोबत का वाचायचे

नोव्हेंबर २०२५ मध्ये मामांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "अरे, सरकारनं खरंच दर कमी केलेत. मागच्या वर्षी एवढ्याच धंद्यावर अठरा-एकोणीस हजार भरले होते. या वेळी ॲप म्हणतंय, भरायचे फक्त दोन हजार!"

मामांचा ताम्हिणीच्या रस्त्यावर सहा खोल्यांचा होमस्टे आहे. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. हिंजवडी आणि ताम्हिणीचा रस्ता, दोन्ही मुळशी तालुक्यातच. त्यामुळे घरातलं कोणतंही ॲप बिघडलं की फोन मलाच येतो. या वेळी ॲप बिघडलं नव्हतं. त्यानं बेरीज-वजाबाकी बरोबर केली होती, पण उत्तर दहा हजारांनी चुकलं होतं.

तुमच्या घरी दुकान, वर्कशॉप, खानावळ किंवा होमस्टे असेल आणि बिलं मोबाईलवर बनत असतील, तर ही भानगड तुमच्याकडेही होऊ शकते. म्हणून नीट सांगतो.

२२ सप्टेंबरला नेमकं काय बदललं?

जीएसटी कौन्सिलची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ ला झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले. बातम्यांमध्ये सगळ्यांनी हेच वाचलं.

हॉटेलच्या खोल्यांसाठी मात्र त्यात आणखी दोन शब्द होते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर आधी १२ टक्के कर होता आणि इनपुट क्रेडिट मिळायचं. आता ५ टक्के आहे, पण "क्रेडिटशिवाय". "मी १८ टक्के लावतो, मला क्रेडिट द्या" असा पर्यायही नाही.

इनपुट क्रेडिट म्हणजे काय? मामा लाँड्री, चादरी, वायफाय, वेबसाइटचं कमिशन यांवर जो जीएसटी देतात, तो पाहुण्यांकडून घेतलेल्या जीएसटीमधून वजा करायची सवलत. २२ सप्टेंबरपासून या खोल्यांसाठी ती बंद झाली. खरेदीवरचा जीएसटी आता मामांचा खर्च आहे.

दोन हजार आले कुठून?

हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे गोल केलेत. भाडं ४,००० रुपये, महिन्यात ६० खोली-रात्री गेल्या. विक्री २,४०,००० रुपये. खरेदीवर दिलेला जीएसटी १०,००० रुपये.

जुना हिशोब: १२ टक्क्यांनी २८,८००, वजा १०,०००, भरायचे १८,८००.

नवा हिशोब: ५ टक्क्यांनी १२,०००. वजा काही नाही. भरायचे १२,०००.

ॲपचा हिशोब: १२,००० वजा १०,०००, म्हणजे २,०००.

ॲपच्या कंपनीनं अपडेट दिला होता आणि विक्रीचा दर १२ वरून ५ झाला होता. पण खरेदीची बिलं जुन्याच टॅक्स कोडवर चढत होती, म्हणजे "क्रेडिट घ्या" हा टिक तसाच होता. मामा होमस्टे चालवतात की पिरंगुटला सुटे भाग बनवतात, हे ॲपला कुणी सांगितलंच नव्हतं.

यावर मामांचा मुद्दा, "अरे, पण सरकारी पोर्टलवर पण दहा हजारच दिसतायत!" दिसणारच. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतो. तुमच्या पुरवठादारांनी तुमच्या नावावर जी बिलं दाखवली, त्यांची ती यादी. तुम्ही तो माल वापरून काय विकता, हे २बी बघत नाही. तिथून आकडा ३बी रिटर्नच्या ४(ए) मध्ये येतो आणि तो ४(बी)(१) मध्ये उलटवण्याचं काम तुमचं असतं.

मामांनी २,००० भरून रिटर्न दाबलं असतं तर त्या दिवशी काहीच झालं नसतं. पण महिन्याला १०,००० कमी, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं की १८ टक्के वार्षिक व्याज लागतं, दंड वेगळा. आणि ते पैसे तोपर्यंत छपराच्या दुरुस्तीत गेलेले असतात.

आजोबांची खतावणी आणि मोबाईलमधलं लेजर

प्रत्येक अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन रिपोर्ट असतातच. एक टॅक्स रिपोर्ट, दुसरा जनरल लेजर. बहुतेक जण पहिला उघडतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत.

जनरल लेजर म्हणजे आपली जुनी खतावणी. दिवसभराचे व्यवहार आधी किर्दीत लिहायचे, मग प्रत्येक व्यवहार आपापल्या खात्यात नावे किंवा जमा टाकायचा. सॉफ्टवेअर हेच करतं, फक्त खतावणी आपोआप होते. ४,२०० रुपयांचं बिल बनवलंत की पाहुण्याच्या खात्यावर ४,२०० नावे पडतात, खोली भाडे खात्यात ४,००० जमा होतात आणि आउटपुट सीजीएसटी, आउटपुट एसजीएसटी या खात्यांत १००-१०० जमा होतात. ते २०० रुपये मामांची कमाई नाहीत. पाहुण्यानं सरकारसाठी दिलेली ती अमानत आहे.

फरक इथे आहे. टॅक्स रिपोर्ट फक्त टॅक्स कोड लागलेली बिलं गोळा करतो. लेजर त्या खात्यातली प्रत्येक नोंद दाखवतं, मग ती कुणी हातानं केलेली का असेना. म्हणून दोन्ही शेजारी ठेवले की चूक सापडते.

मामांकडे तेच झालं. टॅक्स रिपोर्टमध्ये ऑक्टोबरचा विक्रीवरचा कर १२,०००. लेजरमध्ये आउटपुट खात्यांची शिल्लक त्याहून बरीच जास्त. उघडून बघितलं तर मागच्या महिन्यांत बँकेतून भरलेले कराचे पैसे "टॅक्स खर्च" नावाच्या खात्यात टाकलेले. देणं फेडलं होतं, पण वहीत ते तसंच उभं होतं आणि खर्च मात्र फुगला होता.

दोन्ही जुळले तरी चूक असू शकते

ही गोष्ट मला स्वतःला नंतर कळली. टॅक्स रिपोर्ट आणि लेजर एकाच डेटाबेसमधून येतात. एन्ट्रीच चुकीची असेल तर दोघं मिळून एकच चूक सांगतात.

उदाहरण घ्या. बुकिंग वेबसाइटवरून पाहुणा आला, त्यानं वेबसाइटला ४,२०० दिले. समजा कमिशन १५ टक्के, म्हणजे ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०८. शिवाय वेबसाइट जीएसटीचा टीसीएस कापते, ०.५ टक्के, म्हणजे २० रुपये. (आयकराची छोटी कपात बाजूला ठेवू.) मामांच्या बँकेत आले ३,४७२. मामांनी विक्री लिहिली ३,४७२.

रिपोर्ट जुळतो, लेजर जुळतं, पण विक्री कमी दाखवली गेली. खरी नोंद अशी: भाडं ४,००० जमा, कर २०० जमा. समोर बँक ३,४७२ नावे, कमिशन खर्च ७०८ नावे, येणे टीसीएस २० नावे. ते २० रुपये पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात आणि कर भरायला वापरता येतात. शिवाय वेबसाइट तिच्या रिटर्नमध्ये ४,००० ची विक्री दाखवते. म्हणजे खरा आकडा खात्याकडे आधीच पोचलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या व्यवहारांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, ते आठवत असेल. बाहेरचा आकडा आणि तुमचा आकडा समोरासमोर ठेवणं आता सोपं झालंय. मग ते आधी आपणच ठेवलेलं बरं.

महिन्याला अर्धा तास

मामांसाठी मी व्हॉट्सॲपवर ही यादी करून दिली. ११ तारखेच्या आत, म्हणजे जीएसटीआर-१ भरण्याआधी, पहिले चार मुद्दे. पाचवा २बी आल्यावर.

१. बाहेरचे कागद: बँक स्टेटमेंट आणि बुकिंग वेबसाइटचं महिन्याचं स्टेटमेंट. लेजरमधली विक्री यांच्याशी जुळते का? वेबसाइटची विक्री पूर्ण रकमेनं लिहिली आहे का?

२. आउटपुट खात्यांचं लेजर आणि टॅक्स रिपोर्ट. फरक असेल तर हातानं केलेल्या नोंदी, रद्द केलेली बिलं आणि मागच्या तारखेच्या एन्ट्री बघा. कर भरल्याची नोंद आउटपुट खात्याला नावे पडली पाहिजे, खर्चाला नाही.

३. आयजीएसटी खातं. मामांकडे ते शून्य हवं. पाहुणा बेंगळुरूच्या कंपनीचा असला तरी खोली मुळशीत आहे, म्हणून कर सीजीएसटी अधिक एसजीएसटी. काही ॲप ग्राहकाचं राज्य बघून आपोआप आयजीएसटी लावतात.

४. २२ सप्टेंबरच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली बुकिंग. मुक्काम, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला, तो दर. ॲडव्हान्स ऑगस्टमध्ये आला पण मुक्काम आणि बिल दिवाळीत, तर ५ टक्के. ॲडव्हान्सवर तेव्हा १२ टक्के भरला असेल तर तो फरक सीएकडून जुळवून घ्या.

५. इनपुट खातं. मामांसाठी खरेदीचा कोड "क्रेडिट नाही" असा हवा. मग लाँड्रीच्या १०,००० च्या बिलावरचे १,८०० वेगळ्या खात्यात न जाता लाँड्री खर्च ११,८०० होतो. २बी मधला आकडा ३बी मध्ये उलटवला का, तेही बघा.

घाई यासाठी की जुलै २०२५ च्या रिटर्नपासून ३बी मधला विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ मधून येतो आणि हातानं बदलता येत नाही. चूक सापडली तर ३बी भरायच्या आधी १ए मधून दुरुस्त करायची. पूर्वीसारखं "शेवटी बघू" चालत नाही.

मग कर कमी झाला तो कुणाचा?

यादी करून झाल्यावर मामांनी खरा प्रश्न विचारला. "म्हणजे माझा फायदा काहीच नाही?"

पाहुणा आधी ४,४८० द्यायचा, आता ४,२०० देतो. त्याचे २८० वाचले. मामांचं भाडं तेच ४,०००, पण महिन्याचा खर्च १०,००० नं वाढला. ६० रात्रींनी भागलं तर रात्रीला साधारण १६७ रुपये. भाडं ४,१७० केलं तर पाहुण्याला ४,३७८.५० पडतात. आधीपेक्षा तरीही १०० रुपये कमी, आणि मामांचा खड्डा भरतो.

हा आकडा टॅक्स रिपोर्ट कधीच दाखवत नाही. तो फक्त सरकारला किती द्यायचं ते सांगतो. धंद्यात किती उरतं ते लेजरमधली खर्चाची खाती सांगतात, आणि तीही कोड बरोबर लावला तरच.

मामांनी सीएला विचारून २० नोव्हेंबरच्या आत १२,००० भरले. भाडं मात्र लगेच वाढवलं नाही. "लोकांनी पेपरात वाचलंय कर कमी झाला म्हणून. आत्ता वाढवलं तर चोर म्हणतील." जानेवारीच्या बुकिंगपासून ४,१७० करायचं ठरलंय. तोपर्यंतचे महिन्याचे दहा हजार त्यांच्या खिशातून जातील. पण ते जातायत, हे निदान त्यांना माहीत आहे.