शोथहर औषधाने आलेला शोथ

रुग्णपरीक्षणात आज एका साध्या प्रश्नाला निदानपंचकाइतकेच महत्त्व आले आहे : "दुखण्याची गोळी कोणती घेता, आणि किती दिवसांपासून?" हा प्रश्न वेळेवर न विचारण्याची चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

साठीच्या एक बाई संधिगत वातासाठी चिकित्सालयात येत असत. रक्तदाबाची आधुनिक औषधे चालूच होती. गुग्गुळाचा कल्प, स्नेहन, स्वेदन अशी चिकित्सा सुरू असता त्यांच्या पायांवर शोथ आला व रक्तदाबही वाढला. पुनर्नवा व गोक्षुर दोन आठवडे दिले. उपशय मिळाला नाही. अखेर घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगितली. त्यांत निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. दोन्हींत डायक्लोफेनॅकच होते आणि दोन्ही चिठ्ठीविना दुकानातून आणलेल्या होत्या. त्या थांबविल्यावर आठवडाभरात शोथ उतरला व रक्तदाब आटोक्यात आला. शोथ घालविण्यासाठी घेतलेले औषधच शोथाचा हेतू ठरले होते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे विद्यार्थ्यांना सांगणारा वैद्य स्वतः मात्र ती ओलांडून पुढे गेला होता.

असे का घडते, हे या औषधांची कार्यपद्धती पाहिल्यावर ध्यानात येते. ऊतीला इजा झाली की पेशीपटलातील स्निग्धांशापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटे होते. सायक्लोऑक्सिजिनेज या विकरामुळे त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि दाह, आरक्तता, उत्सेध, वेदना ही लक्षणे वाढीस लागतात. अ‍ॅस्पिरिनसारखी द्रव्ये हे विकरच रोखतात, असे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले. प्रोस्टाग्लँडिनविषयक संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासह 1982 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

परंतु प्रोस्टाग्लँडिन केवळ शत्रू नव्हेत. आमाशयाच्या अंतस्त्वचेचे अम्लापासून रक्षण तेच करतात, आणि वृक्कांचा रक्तपुरवठा संकटकाळी तेच टिकवून धरतात. उत्पत्तीच थांबली की वेदनेबरोबर हे रक्षणही थांबते. आमाशयात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. वृक्कांत क्षार व जल साठून शोथ येतो, रक्तदाब वाढतो. वृद्ध, मधुमेही व हृद्रोगी यांना हा धोका अधिक. मूत्रल औषध व रक्तदाबावरील काही औषधे यांच्या जोडीला ही गोळी आली, तर वृक्क एकाएकी निकामी होऊ शकतात.

यावर उपाय म्हणून विकराचा दुसरा प्रकार तेवढा रोखणारी औषधे आली. आमाशयाला ती काहीशी सौम्य ठरली. मात्र त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढविते असे दिसून आल्याने 2004 मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. वेदना शमली म्हणजे औषध निर्धोक ठरले, असे होत नाही.

तथापि या औषधांना विष म्हणून मोकळे होणे हा अविचार होय. मूत्राश्मरीचा तीव्र शूल, वातरक्ताचा तीव्र वेग, पीडितार्तव, शस्त्रकर्मोत्तर वेदना यांत ती अल्पकाळ दिली असता रुग्णाचा जीव शांत करतात. आपल्यापैकी अनेक जण ती लिहूनही देतात. आक्षेप औषधावर नसून मात्रा, काल व रुग्णबल यांचा विचार न करता महिनोन् महिने चालणाऱ्या सेवनावर आहे.

उलट दोषही आपल्याकडे आहे. "इंग्रजी गोळ्या सगळ्या बंद करा" असे सरसकट सांगण्याची सवय काहींना असते. रुग्ण मग हृद्रोगासाठी दिलेली अल्पमात्रेतील अ‍ॅस्पिरिनही सोडतो व प्राणावर बेतते. बंद करावयाची गोळी नावानिशी सांगावी आणि मूळ चिकित्सकाशी बोलून सांगावी. काळ्या रंगाचा मल, एकाएकी आलेला थकवा, मूत्राल्पता यांची चौकशी दर भेटीत करावी. अशा रुग्णाला भल्लातकासारखे तीक्ष्ण, उष्ण द्रव्य देताना दुप्पट सावध असावे.

औषधविक्रेते बंधूंना दोन शब्द. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही परिशिष्ट 'एच'मधील औषधे आहेत. चिठ्ठीविना ती देणे हे सौजन्य नव्हे. बारा वर्षांखालील बालकांसाठी निमेसुलाइडला आपल्या देशात 2011 मध्ये मनाई झाली, हे काउंटरवरील प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला आणि डेंग्यूची शंका असली, तर अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन देऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाव निराळे पण घटक तोच, अशा दोन पट्ट्या एका रुग्णाच्या हाती जात असतील, तर त्याला थांबविणारा शेवटचा माणूस आपण आहात.

सर्वांत कटू गोष्ट शेवटी. "सांधेदुखीवर रामबाण" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत व गोळ्यांत स्टिरॉइड किंवा हीच वेदनाहर रसायने मिसळलेली आढळली आहेत. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, आयुर्वेदाचा जयजयकार होतो. पुढे चेहऱ्यावर सूज येते, रक्तशर्करा वाढते, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकदम सोडणेही घातक असते, आणि आपण काय घेत होतो हे रुग्णाला माहीतच नसते. ज्या पुडीवर घटक, निर्माता व परवाना क्रमांक नाही, ती पुडी आपल्या कपाटात असता कामा नये. जुनाट आमवातात दोन दिवसांत चमत्कार घडविणाऱ्या कल्पाकडे वैद्याने आनंदाने नव्हे, संशयाने पाहावे.

दशमूळ, रास्ना, एरंड, शल्लकी यांचे कार्य सावकाश चालते. तो सावकाशपणा रुग्णाला समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आपण दिली नाहीत, तर रुग्ण थेट गोळीकडे वळतो, आणि मग तो दोष एकट्या गोळीचा राहत नाही.