पकडापकडीचे नियम

‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड’ खेळण्यात ज्यांच्या सुट्ट्या वाया गेल्या त्यांनी हात वर करा! २००५ चा गेम. मागे पोलिसांच्या गाड्यांचा ताफा, सायरनचा कल्ला, रस्त्यावर टाकलेल्या काटेरी पट्ट्या आणि आपण भन्नाट सुटलेलो. पकडले गेलो तर परत सुरू. मध्ये आलेली एखादी साधीसुधी गाडी आपण बिनधास्त ठोकून पुढे जायचो. त्या गाडीत कोण बसलंय, हा प्रश्न कुणाला कशाला पडेल?

मला तो हल्ली पडायला लागलाय. कारण माझी एक मैत्रीण. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलंय आणि सध्या ती तिकडचं ड्रायव्हिंग शिकतेय. पुण्यात स्कूटर चालवून तयार झालेली मुलगी. चौकात हवालदाराने हात केला, की गाडी बाजूला घ्यायची आणि लायसन्स काढायचं, एवढाच तिचा पोलिसांशी संबंध. तिकडे पोलीस समोरून हात करत नाहीत, मागून येतात. आरशात लाल-निळे दिवे चमकायला लागले, की आपला नंबर लागला असं समजायचं. तर बाईसाहेबांचा परवा मेसेज : ‘रात्रीचा हायवे, मी एकटी, कडेला नीट जागा नाही. थोडं पुढे जाऊन थांबले तर चालेल ना गं?’

नेमकं हेच करणाऱ्या एका बाईची गाडी पोलिसांनी उलटवली होती. जुलै २०२०, अर्कान्सा राज्य. ७० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती ताशी ८४ मैलांनी, म्हणजे साधारण १३५ किलोमीटरच्या वेगाने जात होती. चूक होतीच. मागे दिवे लागले तसा तिने वेग कमी केला, चारही इंडिकेटर लावले आणि ती पुढचा एक्झिट शोधायला लागली. कडेची पट्टी अरुंद, पलीकडे काँक्रीटची भिंत. त्या राज्याच्या ड्रायव्हिंगच्या पुस्तिकेतच लिहिलं होतं, की सुरक्षित जागा शोधत असाल तर दिवे लावून पोलिसांना तसं कळवा. पोलिसाला मात्र ती पळतेय असं वाटलं. जेमतेम दोन मिनिटं वाट पाहून त्याने तिच्या गाडीला मागच्या बाजूने ढकललं. गाडी भिंतीवर आदळून उलटी झाली. बाई गरोदर होती. नशीब थोर, तीही वाचली आणि पुढे बाळही सुखरूप जन्माला आलं. तिने दावा ठोकला, २०२१ मध्ये तडजोड झाली आणि अर्कान्साच्या पोलिसांना आपले नियम कडक करावे लागले.

त्या ढकलण्याला ‘पिट’ म्हणतात. पोलीस आपली गाडी पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाशी समांतर आणतो, वेग जुळवतो आणि हलकेच स्टिअरिंग तिच्याकडे वळवतो. मागच्या टायरची पकड सुटते, गाडी गर्रकन फिरते आणि थांबते. कमी वेगात, मोकळ्या रस्त्यावर, शिकलेल्या माणसाने केलं तर एवढंच होतं. म्हणून कित्येक पोलीस खात्यांनी त्यावर ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची मर्यादा घातलीय. त्यापुढे गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. उंच एसयूव्ही तर सरळ कलंडते. अर्कान्सातल्या त्या गाडीचा वेग ६० मैलांच्या घरात होता आणि ती एसयूव्हीच होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०२० मध्ये शोध घेतला, तेव्हा २०१६ पासून अशा ढकलण्यात किमान ३० जण गेल्याचं दिसलं.

मैत्रिणीला मी जे कळवलं ते तुमच्याही कामाचं आहे. निदान तिकडे जायची बॅग भरून बसलेल्यांच्या तरी. दिवे दिसले की लगेच वेग कमी करायचा, उजवीकडचा इंडिकेटर लावायचा. जागा मिळेल तितक्या लवकर उजव्या कडेला थांबायचं. जागाच नसेल तर चारही दिवे लावून हळू चालवायचं आणि ९११ ला फोन करून सांगायचं, की मी पळत नाहीये, थांबायला जागा शोधतेय. थांबल्यावर आपल्याकडच्यासारखं गाडीतून उतरून ‘साहेब, साहेब’ करत जायचं नाही. आत बसायचं, हात स्टिअरिंगवर. पर्समध्ये हात घालायच्या आधी सांगायचं. यावर तिचं उत्तर : ‘बाप रे, मी आपली बसनेच जाते.’

आता पलीकडची बाजू. जो खरोखरच पळतो त्याचं काय? २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात १९ वर्षांचा एक मुलगा ५५ च्या रस्त्यावर ७३ मैलांनी जाताना सापडला. थांबला नाही. गुन्हा तेवढाच, वेगाचा. सहाएक मिनिटं पाठलाग चालला, शेवटी पोलिसाने मागून बंपर मारला, गाडी खाली कोसळली आणि मुलाचे हातपाय कायमचे गेले. ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ म्हणून हा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २००७ मध्ये कोर्टाने ८ विरुद्ध १ अशा मतांनी पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. मुलामुळे इतरांच्या जिवाला धोका होता, म्हणून त्याच्या जिवाला धोका असला तरी त्याला असं थांबवणं योग्य, असा त्याचा सारांश. न्यायमूर्तींनी पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहिलं होतं आणि ते कोर्टाच्या वेबसाइटवर टाकलंही. तुम्हीच बघा आणि ठरवा, असा एकंदर सूर.

वेगळं मत एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं. ऐंशी ओलांडलेल्या या आजोबांना त्याच चित्रीकरणात एवढं भयंकर काही दिसलं नाही. आपले तरुण सहकारी दोनपदरी रस्त्यांच्या काळात गाडी शिकले असते तर इतके घाबरले नसते, असा टोलाही त्यांनी हाणला. मग काही अभ्यासकांनी ते चित्रीकरण १३५० च्या आसपास अमेरिकनांना दाखवलं. बहुतेकांना कोर्टाचं पटलं, पण सगळ्यांना नाही. कोण कुठल्या थरातला, कुठल्या विचारांचा, यावर मत बदलत होतं. डोळ्यांसमोर तेच, दिसतं वेगळं. आपल्याकडे सासू-सुनेच्या मालिकांचं होतं तसं, फक्त इथे एका माणसाचे हातपाय गेले.

पण मला त्या दोघांपेक्षा तिसऱ्याची काळजी आहे. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने २०२४ मध्ये छापलेल्या तपासानुसार २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत अमेरिकेत पोलिसांच्या पाठलागात ३३०० हून जास्त माणसं गेली. त्यातली ५०० हून जास्त या पकडापकडीत नव्हतीच. कुणी सिग्नल हिरवा झाला म्हणून निघालेलं, कुणी नुसतं रस्त्याच्या कडेला. पोलिसी कामावर अभ्यास करणाऱ्या ‘पर्फ’ या तिथल्या संस्थेने २०२३ मध्ये शिफारस केली, की हिंसक गुन्हा घडला असेल आणि माणूस लगेच आणखी काही करेल अशी भीती असेल तरच मागे लागावं. बाकीच्यांचा नंबर टिपून ठेवा, हेलिकॉप्टरने नजर ठेवा, गाडीला चिकटणारा जीपीएस मारा, पण सोडा.

कागदावर एकदम पटतं. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये जवळपास असाच कायदा केला. मग ओरड सुरू झाली, की चोरांना फंडा कळलाय. गाडी उचला, सुसाट सुटा, मागे कुणी येत नाही. २०२४ मध्ये कायदा सैल झाला. आता तिथे कुठल्याही गुन्ह्याचा रास्त संशय असला तरी मागे लागता येतं; फक्त पळणाऱ्यापासून इतरांना धोका हवा आणि त्याला सोडण्यातला धोका पाठलागापेक्षा मोठा हवा. हे वजनमाप करायचं पोलिसाने, गाडी चालवता चालवता, कानात सायरन आणि हातात वायरलेस घेऊन. म्हणून अनेक खात्यांमध्ये पाठलाग सोडायचा हुकूम गाडीबाहेर बसलेला वरिष्ठ देऊ शकतो. त्याच्यासमोर पळणारी गाडी नसते आणि सायरनही वायरलेसवरच ऐकू येतो. तो ‘सोड’ म्हणाला, की दिवे बंद करायचे, सायरन बंद करायचा आणि वेग कमी करायचा. समोर ती गाडी अजून दिसत असली तरी.