वाचकाला बोलू द्यावं का?

वाचकांना पानात जागा दिली की कटकटी वाढतात, म्हणे. वाढतातच! र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या प्रश्नांना त्यात उत्तरं दिली. प्रश्न कसले, तर हस्तमैथुनासारखे, घरात कुणाजवळ तोंडातून काढायची सोय नसलेले. उत्तरं रोखठोक. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी, तरी दंड भरावा लागलाच. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं. आणि मी? परवा एका आजोबांनी पोस्टकार्डावर माझ्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने दाखवल्या, तर दिवसभर चहा गोड लागेना. तिन्ही बरोबर होत्या, हे जास्त झोंबलं.